कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घेण्याआधी शेवटच्या टोकाला मोजा

रात्री तीनच्या सुमाराला फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होतो, अर्धा मिनिट गुरगुरतो आणि गप्प होतो. मग लाल दिवा लुकलुकत राहतो. एकदा असा बसला की सकाळी इंजिन सुरू करेपर्यंत तो उठत नाही. आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये हे दोन वर्षं चालू होतं. शेवटचं झालं आंजर्ल्याला, एका ओळखीच्यांच्या वाडीत. संध्याकाळी हर्णैच्या लिलावात घासाघीस करून घेतलेली सुरमई आत होती. सकाळी ती वाडीतल्या दोन मांजरांनी खाल्ली आणि त्यांची काहीच तक्रार नव्हती.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. पहिली रात्र ठीक, दुसऱ्या रात्री अंधार. गॅरेजला नेलं की सगळं व्यवस्थित, कारण गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेलेली असते आणि मीटर १२.७ व्होल्ट दाखवतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "मॅडम, बॅटरी तर मस्त आहे." दुकानदार म्हणतो, "बॅटरी गेली, बदला." एकाच बॅटरीबद्दल, एकाच आठवड्यात.

आधी गाडीबद्दल थोडं, म्हणजे पुढचे आकडे कळतील. मूळची तेरा आसनी डिझेल व्हॅन, २०२१ सालची. आतली आसनं काढून एका वर्कशॉपमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी वगैरे करून घेतलं. पलंगाखाली १५० ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, तीच जी घरच्या इन्व्हर्टरला असते. टपावर २०० वॉटचं सोलर पॅनल. इंजिन चालू असताना मागची बॅटरी चार्ज व्हावी म्हणून पुढच्या आणि मागच्या बॅटरीमध्ये एक रिले, म्हणजे दोन्हींना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. १००० वॉटचा इन्व्हर्टर. ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या आवारात ती सोमवार ते शुक्रवार उभी असते. बहुतेक शनिवार-रविवार आम्ही बाहेर.

"सोमवार ते शुक्रवार उभी असते" हे वाक्य मी सहज लिहिलं. अर्धा रोग तिथेच होता, पण तो कळायला एक बॅटरी गेली आणि दुसरी मरायला टेकली.

सल्ल्यांचा बाजार

पहिली बॅटरी चौदा महिन्यांत बसली. दुकानदाराने सेल टेस्टर लावला, मान हलवली, पंधरा हजार घेतले. दुसरी आठ महिन्यांत रडायला लागली तेव्हा तोच दुकानदार म्हणाला की लिथियम घ्या, हे दुखणंच संपेल. वर्कशॉपवाला म्हणाला, आणखी एक पॅनल टाकू. टपावर जागा कुठे आहे विचारल्यावर म्हणाला, कॅरिअर काढू. आमच्या विंगमधले नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणला, सहाही सेलमधलं ॲसिड काढून बघितलं आणि म्हणाले, "अगं, मेलेली नाहीये ही. उपाशी आहे."

बॅटरीवर कंपनीने ॲसिडची घनता पूर्ण चार्जला १२४० लिहिलेली, नानांना मिळालं ११६० ते ११७०, सगळ्या सेलमध्ये जवळपास सारखंच. खरंच मेलेल्या बॅटरीत बहुधा एखादा सेल बाकीच्यांच्या खूप खाली असतो. सगळे सारखे खाली असतील तर बॅटरीला कोणी पोटभर जेवायलाच घातलेलं नाही. लेड ॲसिड बॅटरी अर्धवट चार्जमध्ये आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती तेवढी क्षमता कायमची गमावते.

इथे नानांचं एक चुकलंही. ते म्हणाले, डिस्टिल्ड वॉटर वरपर्यंत भर. मी भरलं. पाणी भरायचं ते पूर्ण चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. नंतर नीट चार्ज झाली तेव्हा ॲसिड बाहेर आलं आणि पलंगाखालच्या प्लायवर पांढरा डाग पडला. तो अजून आहे.

आंजर्ल्याच्या रात्री काय दिसलं

फ्रीजच्या पॅनलवर बारीक आकड्यात व्होल्टेज दिसतं. इतके दिवस त्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्या रात्री फ्रीज बंद पडताना मी टॉर्च मारला तर ११.१ दिसलं. मल्टिमीटर घेऊन पलंगाची फळी उचलली, बॅटरीच्या टर्मिनलवर १२.० होते. म्हणजे बॅटरी आणि फ्रीज यांच्यामधल्या चार मीटर वायरीत जवळपास एक व्होल्ट गायब.

१२ व्होल्टमध्ये एक व्होल्ट म्हणजे काय, हे घरच्या २३० व्होल्टच्या सवयीने आपल्याला जाणवत नाही. लेड ॲसिड बॅटरी काही तास शांत ठेवून मोजली तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. संपूर्ण खेळ आठ दशांश व्होल्टचा. त्यात एक व्होल्ट वायरच खात असेल तर फ्रीजला भरलेली बॅटरीही रिकामी वाटणार.

अशा फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी हाय, मीडियम, लो अशी सेटिंग असते. आमचा हायवर होता. हायवर तो ११.१ ला बंद होतो आणि पुन्हा उठायला १२.४ च्या आसपास लागतात. रात्री तीन वाजता १२.४ कुठून येणार? म्हणून इंजिन सुरू करेपर्यंत गप्प. मीडियमवर टाकून तात्पुरती वेळ निभावते, पण मग फ्रीज बॅटरीला फार खोलवर ओढतो. प्रवासात अडचणीच्या रात्री चालेल, कायमचं नको.

घरी येऊन मापं काढली

तीन रविवार गेले. हत्यारं साधी: मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणि सात मीटर वायरीला दोन्ही टोकांना मगरी चिमटे. क्लॅम्प मीटर घेताना डीसी मोजतो ना ते बघून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर लावले की सरळ शून्य दाखवतात. माझा पहिला तसाच निघाला.

पहिली चाचणी, फ्रीज चालू ठेवून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं लांब वायरीने फ्रीजच्या सॉकेटच्या प्लसवर. मीटर जे दाखवतो तेवढे व्होल्ट त्या वायरीत जातात. मग तेच मायनसला. दोन्ही मिळून ०.९ आलं. वायर बाहेर काढली तर घरातल्या ट्यूबलाइटला वापरतात ती १ स्क्वेअर एमएमची. हिशेब सोपा आहे. तांब्याची एक मीटर लांब, १ स्क्वेअर एमएम वायर साधारण ०.०१७५ ओहम रोध देते. जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे ०.१४ ओहम. फ्रीज साडेचार ॲम्पिअर ओढतो, गुणाकार ०.६३ व्होल्ट. उरलेला पाव व्होल्ट सिगरेट लायटरसारख्या त्या प्लगमध्ये आणि फ्यूज होल्डरमध्ये. प्लगला हात लावला तर चांगला गरम होता. गोवा हायवेच्या खड्ड्यांनी असला प्लग ढिला होणारच, तो मुळात सिगरेट पेटवायला बनवलेला आहे.

लांबी मोजताना लोक हमखास चुकतात: फक्त जाणारी वायर धरतात. वीज परतही येते. चार मीटर अंतर म्हणजे आठ मीटर वायर.

दुसरी चाचणी, इंजिन चालू, हेडलाइट चालू. पुढच्या बॅटरीवर १४.२. मागच्या बॅटरीवर १२.९. ट्युब्युलर बॅटरीला पूर्ण चार्ज व्हायला १४.४ च्या आसपास लागतात. १२.९ वर ती आयुष्यभर बसली तरी भरणार नाही. प्लसच्या बाजूला ०.५ व्होल्ट जात होता, ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि रिलेच्या दोन जोडण्यांमध्ये. मायनसच्या बाजूला ०.८. हे विचित्र होतं, कारण मायनसची वायर जेमतेम फूटभर. वर्कशॉपने ती मागच्या चाकाच्या कमानीजवळ गाडीच्या पत्र्याला बोल्टने लावली होती. बॉडी अर्थ. बोल्ट उघडला तर वॉशरखाली रंग तसाच, आणि रंगाभोवती गंज. रंग न खरवडता लावलेला बोल्ट, त्यावर समुद्रकाठची हवा आणि ओल्या चपला. मुंबईत गाडी वापरणाऱ्याने इलेक्ट्रिकचा कोणताही त्रास आला की आधी अर्थचे बोल्ट उघडावेत, असं मी आता छातीठोकपणे सांगते.

एका वाक्यात सांगायचं तर: इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीच्या मायनसपासून मागच्या बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर बॅटरीच्या दुकानात जाऊ नका.

तिसरं माप सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. सगळं बंद करून, गाडीला कुलूप लावायच्या वेळी जसं ठेवतो तसं ठेवून, मागच्या बॅटरीच्या मायनसमध्ये मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटमधून सिरीजमध्ये लावला. शून्याच्या जवळ काहीतरी येईल असं वाटलं होतं. आलं ०.९५ ॲम्पिअर. (हे करताना मीटर लावलेला असताना पाण्याचा पंप चालू करू नका. मी केला, मीटरचा फ्यूज उडाला आणि तो पुन्हा मिळवायला लॅमिंग्टन रोडला जावं लागलं.) एकेक फ्यूज काढत गेले. गॅस गळतीचा अलार्म ०.१. स्टिरिओ किरकोळ. इन्व्हर्टर ०.८.

इन्व्हर्टरवर काहीच लावलेलं नव्हतं. तो फक्त "चालू" होता. हिरवा दिवा दिसायचा आणि तो दिसला की आपल्याला बरं वाटतं, सगळं ठीक आहे असं. ०.८ गुणिले २४, दिवसाला १९ ॲम्पिअर-अवर. पाच दिवसांत ९५. पॅनल थोडं भरून काढतं, पण आमची जागा पर्जन्यवृक्षाच्या सावलीत आणि बी विंगच्या आड आहे. ऊन मिळतं दोन तास, तेही कबुतरांनी आपली मोहोर उमटवली नसेल तर. जुलैत तर काही दिवस पॅनलच्या चार्ज कंट्रोलरवर दिवसाची कमाई ५ ॲम्पिअर-अवर दिसली आहे.

आता सगळं जुळलं. शनिवारी पातळ वायरीमुळे फ्रीज लवकर बंद पडायचा आणि त्याने नकळत बॅटरी वाचायची. बॅटरीचा जीव जायचा तो आम्ही ऑफिसात असताना. आमच्याकडच्यासारखे इन्व्हर्टर बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत ओढत राहतात. शुक्रवारी रात्री मी गाडीत सामान भरायचे तेव्हा बॅटरी आधीच पाच दिवसांची उपाशी असायची, आणि दोष मात्र शनिवारच्या फ्रीजवर.

आणि तरी चार्ज पुरत नव्हता

इन्व्हर्टर बंद केला, अर्थ घासून लावला. फरक पडला, पण अर्धाच. माळशेजला जाताना क्लॅम्प मीटर मागच्या वायरीवर अडकवून ठेवला आणि नवऱ्याला गाडी चालवू दिली. ठाण्यापर्यंत १५ ॲम्पिअर, कल्याणच्या पुढे ६, घाट चढताना शून्य. पुढच्या बॅटरीवर बघितलं तर चढताना १२.८, उतरताना १४.८.

हे बिघाड नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे धुराचं मानक लागू झालं, त्यानंतरच्या अनेक गाड्यांत हुशार अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) असतो. पुढची बॅटरी भरली की गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला विश्रांती देतो, म्हणजे इंजिनावरचा भार कमी, डिझेल कमी. उतारावर, ॲक्सिलरेटर सोडल्यावर फुकटची वीज बनवून घेतो. गाडीसाठी उत्तम. पण आमचा रिले जुन्या जमान्याचा. पुढे १३.३ दिसले की जोडतो, १२.८ झाले की तोडतो. चढावर तो तुटलेलाच असायचा. म्हणजे पाच तासांच्या प्रवासात तीस ॲम्पिअर-अवर जेमतेम जात होते.

आमचा दिवसाचा खर्च लिहून काढला तर असा होता. मुंबई-कोकणच्या हवेत फ्रीज जवळजवळ अर्धा वेळ चालू असतो, त्याचे चोवीस तासांत साधारण ५० ॲम्पिअर-अवर. टपावरचा पंखा रात्रभर १६. दिवे, पंप, मोबाइल मिळून १०. म्हणजे ७५ च्या पुढे. ट्युब्युलर बॅटरीला निम्म्याखाली नेऊ नये असा नियम धरला तर १५० मधले वापरायचे तेवढेच ७५. एक दिवस. दुसऱ्या रात्री अंधार होणं हे गणितच होतं.

यावर "इंडक्शन का वापरत नाही?" असं विचारणाऱ्या माझ्या दिराला सांगितलेलं उत्तर इथेही देते: १५०० वॉटची शेगडी १२ व्होल्टवर १२५ ॲम्पिअर ओढते, इन्व्हर्टरचा घाटा धरला तर १४०. पोहे होईपर्यंत बॅटरी गार. आमच्याकडे पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे, खिडकी उघडी ठेवून.

काय बदललं

फ्रीजची वायर आधी बदलली, कारण तिचा खर्च सगळ्यात कमी. लोहार चाळीतून ६ स्क्वेअर एमएमची लवचिक तांब्याची वायर आणली, बॅटरीपासून थेट फ्रीजपर्यंत, बॅटरीजवळ १५ ॲम्पिअरचा फ्यूज, मध्ये सॉकेट नाही. सिगरेट प्लग कापून टाकला आणि पक्का कनेक्टर लावला. आता तोटा ०.१२ ते ०.१५. लग्ज, म्हणजे वायरीच्या टोकांना बसवायचे धातूचे तुकडे, हातोडीने ठोकून नाही, क्रिम्पिंग टूलने दाबून घेतले. टूल महाग वाटलं तर लोहार चाळीतच दुकानदार लग्ज दाबून देतात, लांबी मात्र घरून मोजून न्या. मी एक वायर अर्धा फूट कमी नेली आणि दुसऱ्यांदा मशीद बंदरला उतरले.

वायर जाड झाल्यावर एक नवी जबाबदारी येते हे आधी लक्षात आलं नव्हतं. आता फ्रीजला बॅटरीचं खरं व्होल्टेज कळतं, म्हणजे ११.१ ला बंद होईपर्यंत बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असेल. म्हणून सगळ्या भारांच्या आधी लो-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेलं की वीज तोडणारा) टाकला आणि ११.८ ला लावला. इन्व्हर्टर त्याच्या बाहेर आहे, त्याला बॅटरीजवळ खटक्याचा मोठा आयसोलेटर. गाडीतून उतरताना तो फिरवायचाच. पहिले काही आठवडे स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली होती.

रिले काढून त्या जागी ३० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. हा पुढून १२.८ आले तरी मागे १४.४ करून देतो, आणि बॅटरी भरत आली की स्वतःच प्रवाह कमी करतो. चार्जरला इग्निशनची एक बारीक वायर द्यावी लागते, म्हणजे तो इंजिन चालू असतानाच काम करतो, नाहीतर पुढची बॅटरी उतरून सकाळी सेल्फ लागणार नाही. पुढून मागे १६ स्क्वेअर एमएम, प्लस आणि मायनस दोन्ही. पत्र्याच्या भरवशावर आता काही नाही. दोन्ही टोकांना, दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात फ्यूज. वायरमन म्हणाला एकच पुरे. नाही पुरत. वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, मध्ये कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून वीज येईल, आणि वायर पलंगाखालून जाते.

पुढच्या बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो, गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरीची अवस्था कळवणारा. आपली मायनस वायर थेट त्या टर्मिनलवर लावली तर सेन्सरला आपला प्रवाह दिसतच नाही आणि त्याचा हिशेब चुकतो. सेन्सरच्या पलीकडे, कंपनीने दिलेल्या अर्थच्या जागेवर लावावी. आमच्या वायरमनने आधी टर्मिनलवर लावली होती, डॅशबोर्डवर दिवा आल्यावर हलवली.

वायरिंगला हात लावताना विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिलं जपून ठेवा. मूळच्या बदलांची नोंद आरटीओकडे आरसीवर करून घेतलेली असेल तरीही.

लिथियम का नाही घेतली? घेणार आहे, ही बॅटरी संपल्यावर. पण आधी घेतली असती तर काय झालं असतं याचा विचार करून अजून घाम फुटतो. लिथियम फॉस्फेट बॅटरी रिकामी असताना मिळेल तेवढा प्रवाह ओढते. मध्ये साधा रिले आणि जाड वायर असती तर अल्टरनेटर तापून जळू शकला असता. पातळ वायर असती तर वायर तापली असती. दुकानदाराचा सल्ला वाईट नव्हता, फक्त चौथ्या पायरीचा होता आणि आम्ही शून्यावर उभे होतो.

शेवटचे वीस टक्के

लेड ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. उरलेल्या वीसला कितीही मोठा चार्जर लावा, तासन् तास लागतात. रविवारी संध्याकाळी दापोलीहून घरी येईपर्यंत ती ८०-८५ वर असते आणि मग पाच दिवस तशीच उभी. म्हणून आठवड्यातून एक रात्र भिंतीवरची वीज हवी.

सोसायटीने आधी नाही म्हटलं. सेक्रेटरींचं म्हणणं, आज तुम्ही वायर टाकाल, उद्या कोणी पार्किंगमध्ये मिक्सर लावेल. पुढच्या वर्षी दोघांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, सब-मीटरसह पॉइंट बसले, तेव्हा आम्हीही त्याच ठरावात नाव घातलं. आता रविवारी रात्री तीन टप्प्यांचा चार्जर लागतो, सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना मी काढते. महिन्याचं बिल किरकोळ आहे, वडापावच्या हिशेबात सांगता येईल इतकं.

दुकानदाराने मेली म्हटलेली ती दुसरी बॅटरी अशा चौदा-चौदा तासांच्या दोन-तीन चार्जिंगनंतर ११६० वरून १२२० पर्यंत आली. पूर्ण परत आली नाही, सल्फेटने घ्यायचं ते घेतलं. पण गेले अकरा महिने तीच चालू आहे. पलंगाखाली उघडी होती, ती आता झाकणाच्या डब्यात आहे आणि डब्याच्या वरच्या कोपऱ्यातून नळी बाहेर काढली आहे. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो वर चढतो, आणि आम्ही त्याच्यावर गादी टाकून झोपत होतो. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बाल्कनीत असते म्हणून कधी विचारच केला नव्हता.

बाकी गाडी कशी आहे

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की गाडी डोकेदुखी आहे. तसं नाही. आत सरळ उभं राहता येतं, पावसाळ्यात ओल्या कपड्यांतून बाहेर पडायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. सरकतं दार उघडून, जाळी लावून, कोकणातल्या वाडीत दुपारी पडून राहण्याच्या सुखाला मी कशाचीच तोड देणार नाही. इंजिन इमानी आहे. सासूबाई, ज्यांना हॉटेलच्या चादरींचा तिटकारा आहे, त्या आता स्वतःहून विचारतात, या शनिवारी कुठे?

वाईट बाजू: मॉलच्या नाहीतर हॉस्पिटलच्या तळघरात ती जात नाही, उंचीचा दांडा आडवा येतो. मागचा भाग चाकांच्या खूप मागे लोंबतो, त्यामुळे दाभोळ-धोपावेच्या जंगल जेट्टीवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढताना ओहोटी असेल तर मागचा बंपर घासतो. भरतीची वेळ बघून जायचं. मे महिन्यात दुपारी टप तव्यासारखा तापतो, आणि उष्णतेने फ्रीजचा खर्च वाढतो. बॅटरीलाही ती मानवत नाही, दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरतात. म्हणून आम्ही डबा इंजिनाच्या बाजूने हलवून मागच्या थंड कोपऱ्यात नेला.

पण मुंबईतल्या कॅम्परची खरी कमजोरी तिच्या बांधणीत नाही. ती आठवड्यातले पाच दिवस उभी असते, हीच. उभ्या गाडीत वीज झिरपते, बोल्ट गंजतात, पॅनलवर कबुतरं बसतात, टाकीतलं पाणी शिळं होतं. चालत्या गाडीचे आजार आपल्याला आवाजाने कळतात. उभ्या गाडीचे शुक्रवारी रात्री कळतात.

सध्याची स्थिती अशी. दोन रात्री बिनघोर. तिसरी रात्र एकाच जागी, पावसात, इंजिन न लावता काढली तर पहाटे कटऑफ पडतो. श्रावणात हरिहरेश्वरला पडला. त्या रात्रीसाठी फ्रीज दुपारीच बंद करून त्यात जेट्टीवरचा बर्फ भरायचा, एवढा उपाय सापडला आहे. मागच्या मायनसला आता १६ ची वायर आहे, तरी मायनसचं माप गेल्या महिन्यात ०.०६ वरून ०.११ झालं. लगच्या जोडणीवर हिरवट थर दिसतोय. गणपतीनंतर ती उघडून, घासून, ग्रीस लावून परत बसवायची आहे.